बाटल्या गप्प का झाल्या?

“आजपण काहीच नाही!” पत्र्याच्या शेडला टेकून बसलेला फर्गस कुरकुरला. “एक फुस्स नाही की काही नाही. सुट्टीतली सगळी मजाच गेली!”

त्याची मोठी बहीण इमोजेन पेंटबॉलच्या रंग भरलेल्या गोळ्या पिशव्यांत भरत होती. तिचे हात थांबले.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट शहराबाहेर, निलगिरीच्या झाडीत नोरीनमावशीचं हे पेंटबॉलचं मैदान. गोळ्या उडवणाऱ्या बंदुकांना लागणाऱ्या गॅसच्या छोट्या बाटल्या, मैदानाचं काम बघणारा डॅरिलकाका सकाळच्या गारव्यात भरायचा आणि शेडजवळ चाकांच्या मांडणीवर ओळीने लावायचा. दुपारी ऊन तापलं, की एखादी बाटली फुस्स करून पांढरा ढग सोडायची आणि काका चरफडायचा.

“आज तर कालच्यापेक्षा जास्त तापलंय,” इमोजेन म्हणाली. “मग त्या गप्प का?”

“शहाण्या झाल्या असतील!” शेजारच्या मेंढ्यांच्या फार्मवरचा ताविता हसला.

“हसू नकोस,” इमोजेन म्हणाली. “प्रत्येक बाटलीच्या तोटीत तांब्याची पातळ चकती असते. दाब वाढला की ती फुटते, गॅस निघून जातो आणि बाटली वाचते.”

“आणि चकती फुटलीच नाही तर?” फर्गसने विचारलं.

“मग बाटलीच फुटू शकते,” म्हणत इमोजेन उठली.

तिघं बाटल्या भरण्याच्या खोलीत शिरली. गॅस जास्त होऊ नये म्हणून बाटली भरताना ती वजनाच्या काट्यावर ठेवायची असते, पण काटा जागेवर नव्हता! तो सापडला स्वयंपाकघरात. त्यावर सॉसेजचा ढीग होता.

“म्हणजे काका अंदाजाने भरतोय!” फर्गस ओरडला.

“हे बघा!” ताविताने फळीवरचा डबा खाली घेतला. “नव्या चकत्यांचा डबा. जवळजवळ रिकामा! हल्ली एकही फुटली नाही, मग चकत्या गेल्या कुठे?”

इमोजेनचा चेहरा उतरला. “एकावर एक. त्याने दोन-दोन बसवल्यात.”

डॅरिलकाका बाहेर शेगडी पेटवत होता. त्याने काही लपवलं नाही. उलट खूशच झाला.

“डोकं लागतं त्याला! आता गॅस वाया जात नाही.”

“पण काका, बाटलीच फुटली तर?”

“काही होत नाही गं! चल, सॉसेज भाजायला घे. वाढदिवसाला खेळायला येणारी पोरं पोचतीलच.”

मावशी केक आणायला गावात गेली होती. इमोजेनने तिला फोन लावला. ऐकून घेऊन मावशी एवढंच म्हणाली, “बाटल्या कोणाच्या हाती देऊ नका. मी निघालेच.”

तेवढ्यात फाटकातून बस आत आली!

“मांडणीला चाकं आहेत,” फर्गस कुजबुजला. “कोल्डरूममध्ये नेऊ! गार झाल्या की दाब उतरेल.”

“हळू. एकही बाटली आपटायची नाही,” इमोजेनने बजावलं.

तिघांनी मांडणी अलगद ढकलत थंड पेयांच्या कोल्डरूममध्ये नेली. दाराला कुलूप लागलं. किल्ली इमोजेनच्या खिशात गेली.

ताविता बससमोर उभा राहिला. “आधी खायचं, मग खेळायचं! इथला नियमच आहे!”

“कधीपासून?” काका गुरगुरला. पण पोरं केव्हाच शेगडीभोवती जमली होती. मग त्याचं शेडकडे लक्ष गेलं. “अरे! माझ्या बाटल्या कुठे गेल्या?”

“गार होतायत,” इमोजेन शांतपणे म्हणाली. “किल्ली मावशीलाच देणार.”

काकाने हात पुढे केला. ती हलली नाही.

मावशी आली ती गावातल्या गॅसच्या दुकानातल्या विनिफ्रेडबाईंना घेऊनच. बाईंनी सगळ्यांना लांब बसवलं, एकेक बाटली सावकाश रिकामी केली आणि एक तोटी उघडली. त्यांच्या तळहातावर एकमेकींना चिकटलेल्या दोन चकत्या पडल्या.

“डॅरिल, ही बाटली एखाद्या पोराच्या हातात असताना फुटली असती,” त्या म्हणाल्या.

काकाने त्या चकत्या हातात घेतल्या. केक खाणाऱ्या पोरांकडे त्याने बघितलं.

“माझं चुकलं,” तो तिघांना म्हणाला. “मला हे सुचायला हवं होतं. तुम्हाला सुचलं.”

मावशीने तिघांना एकदमच कवेत घेतलं. “आज हे मैदान तुम्ही सांभाळलंत, बाळांनो!”

“उद्या भरताना तिघंही समोर उभी राहा,” काका म्हणाला. “वजन न करता बाटलीला गॅसची नळी लावली, तर ओरडा माझ्यावर.”

“किती जोरात?” ताविताने विचारलं.

“जमेल तेवढ्या!”

ताविताने लगेच सराव करून दाखवला. निलगिरीवरचे सगळे काकाकुवे एकदम उडाले, आणि सर्वांत आधी हसला तो डॅरिलकाकाच!