शर्यतीला काय काय न्यावं?

"थोडा कापूस मिळेल का?"

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातांना ग्रीस लागलं होतं आणि खांद्याला हत्यारांची पिशवी होती. सकाळपासून इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा तो हाच, हे तिने ओळखलं. पण कानाच्या दवाखान्यात येऊन कापूस मागणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

"लागलंय का कुठे?"

"छे हो! कानात घालायला. शुक्रवारी मोटारींच्या शर्यतीला चाललोय, चांगला तीन दिवस. बॅग भरून झाली, कापूस तेवढा राहिलाय."

झालं! शर्यतीला कानात कापूस घालून जाणं म्हणजे पावसात डोक्यावर चाळणी धरून निघणं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना यंत्रं बसवून द्यायची, आणि ज्यांना नीट ऐकू येतं त्यांचे कान शाबूत ठेवायचे, हे तर तिचं कामच. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि कानाच्या मापाची बुचं करून द्यायचं ठरवलं. कानात मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही, कारण हसलं की साचा बिघडतो.

"तीच गाडी, तीच फेरी… तीन दिवस बघायचं तरी काय त्यात?" तिने सहज विचारलं.

तो हसला. साचा बिघडला.

"बरं, आणि बॅगेत काय काय भरलंय?"

दुसराही बिघडला. मावशी तिला 'प्रश्नपेटी' म्हणायची ते काही उगाच नाही. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं, तर हा नुसत्या डोळ्यांनी हसत राहिला. डोळ्यांनी हसल्याने साचा बिघडत नाही. बाकी बरंच काही बिघडतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

बुचं न्यायला आला तेव्हा तो जरा घुटमळला.

"माझ्या मित्राचा पाय मोडलाय. त्याचं तिकीट पडून आहे. तुम्हाला एवढे प्रश्न पडलेत, तर… येऊनच बघा की. माझी ताई आहे सोबत. तुम्ही दोघी एका तंबूत, मी दुसऱ्या."

"काय काय आणू?" तिने विचारलं. आधी 'हो' म्हणायचं असतं, हे ती विसरूनच गेली.

"मोजे जास्त, बाकी सगळं कमी."

"मोजे का?"

"दिवसभर गवतात उभं राहायचं असतं. पाय ओले झाले ना, की जगातली कुठलीच गाडी आवडत नाही."

"छत्री?"

"छत्री नको, मागच्याला दिसत नाही. रेनकोट घ्या. पायात घरातले सगळ्यात जुने बूट. टोपी, उन्हाचं क्रीम, बसायला प्लॅस्टिकचा कागद, पॉवर बँक…"

"आणि?"

"आणि प्रश्न," तो म्हणाला. "ते सगळे आणा."

घरी मावशीने पहिला प्रश्न झोपायच्या सोयीचा विचारला. ताई सोबत आहे हे ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने बॅगेचा ताबा घेतला. इस्त्रीचा ड्रेस, उंच टाचांच्या चपला आणि वर छत्री.

"मावशी, अगं चिखलात जायचंय!"

"चिखलातही माणसं असतातच ना? मग नीट दिसायला काय हरकत आहे?"

मावशीपुढे कोणाचं चाललंय? ड्रेसला जागा हवी म्हणून निम्मे मोजे बाहेर निघाले.

शुक्रवारी फाटकावरच छत्री जमा करून घेतली गेली. त्याचे डोळे हसायचे ते हसलेच. ताई म्हणजे मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. आल्या आल्या तिने कागद अंथरला, टोपी तोंडावर ओढली आणि आडवी झाली.

आणि पहिली गाडी आली… आली म्हणेपर्यंत गेलीसुद्धा! बुचं घातलेली असूनही तो आवाज तिच्या बरगड्यांपर्यंत पोचला. तिने त्याचा हात घट्ट धरला, मग लाजून सोडला. त्याने बोटाने वळण दाखवलं. चौथ्या-पाचव्या फेरीला तिला दिसलं, की तीच गाडी दर फेरीला तिथे आधीपेक्षा जराशी उशिरा वेग कमी करते. तेवढ्या जराशासाठी हजारो माणसं श्वास रोखून उभी आहेत. तीच फेरी? छे, एकही फेरी तीच नव्हती! ती आनंदाने उड्या मारायला लागली.

त्या गदारोळात तो तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले.

आता, एक गोष्ट तिने त्याला सांगितली नव्हती. लपवली होती असंही नाही; त्याने विचारलीच नव्हती. तिला ओठ वाचता यायचे. दवाखान्यात ती लोकांना तेच तर शिकवायची.

"हिला आधी भेटलो असतो, तर…" तो म्हणाला. आणि वळणावरून गाड्या आल्या, तशी त्याने तिकडे मान फिरवली. उरलेलं वाक्य तिकडेच गेलं.

तिने घाईने एक बूच काढलं. "काय म्हणालात?"

"अं? टायर… आता टायर बदलायला थांबेल म्हटलं."

टायर!

आधी भेटलो असतो, तर काय? माणूस असं कधी म्हणतो? उशीर झाल्यावरच ना? म्हणजे याची कोणीतरी आहे. शनिवार उजाडेपर्यंत तिने त्या कोणीतरीला उंची दिली, शांत स्वभाव दिला आणि प्रश्न न विचारण्याचा गुणही देऊन टाकला. ताईला विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण जिने आयुष्यभर सगळ्यांना सगळं विचारलं, तिला हे एक विचारायचं धैर्य होईना. ताई 'हो' म्हणाली तर?

शनिवारी पावसाने झोडपलं. तिचे उरलेसुरले मोजे भिजले. त्याने स्वतःचा कोरडा जोड काढून दिला. मोजे टाचेच्या खाली लोंबत होते आणि पाय उबदार झाले होते, आणि तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं. इतका चांगला माणूस, आणि तो दुसरीचा!

"बरं वाटत नाहीये का?" त्याने विचारलं. "सकाळपासून एक प्रश्न नाही."

"संपले."

त्यानंतर त्याचं शर्यतीत लक्ष राहिलं नाही.

रविवारी शर्यत संपली. गर्दी पांगली, ताई गाडी आणायला गेली. ओल्या गवतात दोघं तंबूची घडी घालत होते. सगळीकडे इतकं शांत होतं, की घडीची सळसळही ऐकू यावी. गाडी आली की हे संपलं, तिच्या मनात आलं. आत्ता नाही, तर कधीच नाही.

"मला ओठ वाचता येतात," ती म्हणाली.

त्याच्या हातातलं तंबूचं टोक सुटलं. कानांपासून सुरुवात होऊन तो लाल होत गेला.

"म्हणजे शुक्रवारी…"

"हो."

"हे चोरून ऐकणं झालं." तो हसत नव्हता.

"झालं. चुकलंच माझं. पण मी अर्धंच चोरलंय. अर्धं तुम्ही वळणाकडे तोंड करून बोललात. आधी भेटलो असतो, तर… काय? जे असेल ते सांगा. मी गाडीत मागे बसेन आणि घरापर्यंत झोपेचं सोंग घेईन."

त्याने तंबूचं सुटलेलं टोक उचलून नीट दुमडलं.

"तर इतकी वर्षं गाड्या बघण्यात घालवली नसती, म्हणालो."

"एवढंच?" ती धपकन त्या तंबूवरच बसली. "अहो, मी दोन दिवस तुमचं लग्न लावून बसलेय!"

"कोणाशी?"

"आहे एक. उंच. शांत. प्रश्न न विचारणारी."

आता मात्र तो सगळ्या चेहऱ्याने हसला. तिच्यासमोर गवतात गुडघे टेकून बसला आणि अगदी तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "ती नाही आवडत मला. मला… तू आवडतेस. कापूस मागायला आलो, त्या दिवसापासून."

तिने ते वाचलंही आणि ऐकलंही.

"मोडलं का मग ते लग्न?" त्याने विचारलं.

"मोडलं."

"मग मावशींना भेटायला कधी येऊ?"

"उद्या."

"उद्याच?"

"आज घरी पोचायला उशीर होईल ना," ती म्हणाली, "नाहीतर आजच म्हटलं असतं."