फक्कीतली खोली

पैसे देणारा एक असतो, बोलणाराही तोच असतो, आणि दिवसभर ओट्यापाशी उभं राहणाऱ्या बाईला ओटा किती उंच हवा हे कुणी विचारत नाही. या गोष्टीची तिला आर्किटेक्ट म्हणून केलेल्या पहिल्या नोकरीपासून चीड होती. तेव्हाच्या तिच्या साहेबांनी एका म्हातारीची खोली जिन्याखाली काढली होती. ‘त्यांना काय, पडायलाच तर लागते,’ असं म्हणून हसले होते. तिने त्याच दिवशी राजीनामा टेबलावर आपटला आणि स्वतःचं ऑफिस थाटलं.

तिथे नियम एकच होता. घरात जो राहणार, तो बैठकीला आलाच पाहिजे, आणि प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही. आराखडा ठरला की मोकळ्या प्लॉटवर खऱ्या मापाने फक्की टाकायची, म्हणजे पांढऱ्या भुकटीने सगळ्या भिंती जमिनीवर आखायच्या, आणि कुटुंबाला त्यात वावरायला लावायचं. सकाळी उठलात, आता कुठे जाल? पाहुणे आले, कुठे बसवाल? रुसलात तर कुठे जाऊन बसाल? पाय जिथे अडतील तिथली भिंत ती जागेवर पुसून टाकायची. गवंडी तिला पाठीमागे फक्कीबाई म्हणायचे. तिला ते मनातून आवडायचं, पण दाखवायची नाही.

अशी कितीतरी घरं उभी राहिली. मग हे कुटुंब आलं. नवरा, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नवऱ्याचे काठी टेकत चालणारे वडील. माणसं सभ्य होती, जरा जास्तच. बैठकीला आली की आपल्या शेजारी एक जास्तीची खुर्ची ओढून ठेवायची. तिच्या असिस्टंटने एकदा त्या खुर्चीवर नकाशांची गुंडाळी ठेवली, तर बायकोने काही न बोलता ती उचलून मांडीवर घेतली.

आणखी एक खोड होती. तिने प्रश्न विचारला की चौघं आळीपाळीने उत्तरं द्यायची आणि मग गप्प होऊन तिच्याकडे बघत राहायची, जणू अजून कुणाला तरी विचारायचं राहिलंय. ‘बोला की अजून काही असेल तर,’ ती म्हणायची. मिठाची गुळणी धरून बसलेल्या गिऱ्हाइकांचा तिला मनस्वी कंटाळा होता. तिने वही मिटावी, आणि बायकोने तिच्याकडे रागाने बघावं. हा राग कसला ते तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायला सवडही नव्हती.

फक्कीचा दिवस उजाडला. दुपारचं लख्ख ऊन होतं. रेघा जमिनीवर इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की डोळे बारीक करावे लागत होते. चौघं फक्कीतल्या दारातून आत आली आणि वावरू लागली.

बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला सरळ वाट होती. पण मुलगी मध्येच वळली, एका कोपऱ्याला वळसा घालून गेली. बायकोही तशीच गेली. नवरा तसाच. म्हातारे गृहस्थ तर धापा टाकत होते, तरी त्यांनीही तो लांबचा फेरा घेतला. जमिनीवर पावलं उमटत गेली आणि मध्ये एक चौकोन कोरा राहिला. तिथे तिने एकही रेघ मारलेली नव्हती.

‘इथून सरळ जा ना,’ ती म्हणाली. ‘अडवलंय कुणी?’

‘थोरलीच्या खोलीतून कसं जायचं?’ म्हातारे म्हणाले.

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी, नवऱ्याची बहीण. हे तिला आज, प्लॉटवर, भर उन्हात कळत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातलं एक माणूस यांनी दडवून ठेवलं. मोठ्या बहिणीला बैठकीला आणायची लाज वाटली यांना, आणि आता तिच्यासाठी बिनखिडकीचा कोनाडा हवाय. तिने सगळं तोंडावर सुनावलं. अशा माणसांचं घर मी बांधत नाही, म्हणाली. उद्या त्यांना घेऊन या, नाहीतर दुसरा आर्किटेक्ट बघा.

नवरा शांतपणे ऐकत होता. पण बायकोचा संयम सुटला.

‘वन्सं पहिल्या दिवसापासून येताहेत,’ ती म्हणाली. ‘आमच्या शेजारीच बसतात. तुम्ही सगळ्यांना विचारता. त्यांच्याकडे एकदा मान वळवून बघितलंसुद्धा नाही तुम्ही.’

‘कुठे आहेत त्या?’

चौघांनी कोऱ्या चौकोनाकडे बघितलं.

फक्कीबाई असल्या थोतांडाला भीक घालणारी नव्हती. आपली थट्टा चाललीय असं तिला वाटलं, आणि आयुष्यभराच्या कामाची थट्टा तिला सहन होईना. ती त्या चौकोनासमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि चढ्या आवाजात म्हणाली, ‘सांगा हो. तुम्हाला काय हवंय?’

कुणी हललं नाही. चौघं ऐकत होती.

बराच वेळ ऐकत होती.

‘आत्या, असं नको ना,’ मुलगी पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

म्हाताऱ्यांनी सावकाश मान हलवली. बायकोने पदराने तोंड पुसलं, आणि पदर खाली आला तेव्हा तिचा चेहरा डोक्यावरचा भार उतरल्यासारखा सैल झाला होता.

‘मॅडम,’ नवरा म्हणाला, ‘ही खोली नको.’

‘का?’

‘ताई म्हणतेय, इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं. ती तुमच्याकडे राहायला येणार आहे.’

त्याने तिला नमस्कार केला. मग चौघंही निघाली, त्या चौकोनावरून सरळ पाय देत, एकमेकांशी सहज बोलत.

तिने टेप जमिनीवर फेकला. रस्ताभर ती त्यांना शिव्या घालत गाडी चालवत होती. आपल्या घराची बेल वाजवली तेव्हाही राग धुमसत होता. तिच्या नवऱ्याने दार उघडलं आणि ती बोलत बोलतच आत शिरली. अक्कल गहाण टाकलेली माणसं, म्हणाली. काम सोडलं मी. तिने पर्स टाकली आणि वळून बघितलं.

नवरा अजून दार धरून उभा होता. भिंतीला पाठ लावून, अंग चोरून. थोड्या वेळाने त्याने दार लावलं.

‘कुणाला वाट देतोयस?’ ती ओरडली.

तो लालबुंद झाला. दंडाला धरून त्याने तिला स्वयंपाकघरात नेलं.

‘हळू बोल,’ तो दात-ओठ खात म्हणाला. ‘त्या दारात ताटकळत उभ्या, आणि तू त्यांना आत या म्हणायचंही सौजन्य दाखवलं नाहीस.’

तिने वाकून बाहेर बघितलं. बाहेरच्या खोलीत कुणीच नव्हतं. नवऱ्याने पेल्यात पाणी ओतलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि तिला ओलांडून बाहेर गेला.

‘मनावर घेऊ नका,’ तो म्हणत होता. ‘बसा ना.’