खालचा बोळ

डिसेंबर लागला की झोन ऑफिसातल्या सगळ्यांना ग्रामदैवत सिद्धेश्वर आठवतो. भक्तीने कमी आणि धास्तीने जास्त. संक्रांतीला त्याची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक, आणि मिरवणुकीच्या वाटेवर एखादा खड्डा राहिला तर पुढे महिनाभर ऐकून घ्यायचं. मग वर्षभर ज्या रस्त्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, त्यांच्यावर अचानक सगळ्यांची माया उफाळून येते आणि डांबर पडायला लागतं.

धम्मप्रिया सरवदे त्या ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर होती. ही माया तिने इतक्यांदा बघितली होती की आता त्याचा कंटाळाही येत नव्हता. रस्ते तिच्याकडे होते, पण फोन सगळ्याचेच यायचे. नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलंय, कुत्री रात्रभर भुंकतात. "ते माझ्याकडे नाही," हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की घरी आईने मीठ मागितलं तरी तेच तोंडात यायचं.

हिरेमठ बोळाचं काम तिच्याकडे आलं ते असंच, यादीत शेवटी. मिरवणुकीच्या मार्गाला फुटलेला, एक रिक्षा जेमतेम शिरेल असा बोळ. पुढे बंद. दोन्हीकडे जुनी दगडी घरं, काहींवर पत्रा, काहींवर नवा स्लॅब. आपल्याकडे रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे जुना तसाच ठेवून वर नवा अंथरायचा, गादीवर गादी टाकतात तसा. त्यामुळे जिथे एके काळी घरात जायला पायऱ्या चढाव्या लागत, तिथे आता उतराव्या लागत होत्या. लोकांनी विटा रचून उंबरे वाढवले होते. पावसाळ्यात त्यांच्यापुढे वाळूची पोती यायची.

सगळ्यात खाली गेलेलं घर बोळाच्या टोकाला होतं. तिथे निंगव्वा नावाची म्हातारी राहायची. कडक भाकरी करून विकायची. नवरा वीरभद्रप्पा कापडगिरणीत होता, आता कंबर मोडून खाटेला खिळलेला. त्याची खाट खिडकीखाली होती आणि खिडकी रस्त्याच्या पातळीला, म्हणून त्याला बाहेरचं जग पायांएवढंच दिसायचं. पण पायांवरून तो अख्खा बोळ ओळखायचा. धम्मप्रिया दुर्बीण लावून पातळी घ्यायला गेली तेव्हा आतून आवाज आला, "निंगव्वा, नवीन पाय हायत. बाईमाणूस. दमलेली हाय."

धम्मप्रियाला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलंच असावं.

निंगव्वा पदराला पीठ पुसत वर आली. दाराच्या चौकटीतून तिचं फक्त डोकं आणि खांदे रस्त्याच्या वर दिसत होते.

"यव्वा, वर घालू नका. जुना खरवडून घाला की."

"आजी, दोनच बोटांचा थर आहे. आधी एक थर, मग वर तसाच दुसरा. कळणारही नाही."

"तुमची दोन बोटं हायत. आमचं दार किती जातंय ते नंतर बघायला या," निंगव्वा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कानडी वळणाने शेवट जरा ओढून ती बोलायची, त्यामुळे तक्रारसुद्धा विचारपूस केल्यासारखी वाटायची.

म्हातारी चूक काहीच बोलत नव्हती. धम्मप्रियाने ऑफिसात साहेबांना सांगितलं की त्या बोळात जुना थर काढायलाच हवा. साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "खरवडायचं मशीन यात्रेनंतर. आधी सगळं काळं करून टाका." ती भांडली असती, पण भांडायलाही अंगात काही लागतं. तिने ठेकेदाराच्या मुकादमाला, प्रभुला, बजावलं की निंगव्वाच्या दारासमोर तरी कुदळीने खरवडून घे. प्रभु "व्हय म्याडम" म्हणाला. मुकादम तसं म्हणतातच.

पहिला थर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच निंगव्वाचा फोन आला.

"या की बघायला."

धम्मप्रिया गेली ती वैतागतच. प्रभुने काही खरवडलेलं नव्हतं, ते तिने ओळखलंच होतं. शेजारी गुरुशांतचं घर होतं, पिठाची गिरणी चालवणारा माणूस. त्याच्या उंबऱ्याशी तिने माप घेतलं. थर दोन बोटांचाच होता. मग ती टोकाला गेली.

निंगव्वाच्या दाराचा वरचा हातभर भाग तेवढा रस्त्याच्या वर राहिला होता. खिडकीची वरची फट उरली होती, हात बाहेर निघेल एवढी. त्या फटीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला होता आणि गुरुशांत त्यात दुधाची पिशवी देत होता.

"असं कधीपासून?" तिने विचारलं.

गुरुशांतने हात झटकले. "तसंच हाय ते म्याडम. आमी तिकडं लई बघत न्हाय," असं म्हणून तो गिरणीकडे निघून गेला.

धम्मप्रिया शिकलेली होती आणि तिचा स्वभाव कारण शोधणारा होता. जमीन खचली असेल, खाली जुनी विहीर असेल, पाण्याची लाइन फुटली असेल. तिने पाणीपुरवठ्याचा माणूस बोलावला. त्याने कान लावून, सळई ठोकून बघितलं, गळती नव्हती. घर खचलं असतं तर भिंतीला चीर गेली असती, चौकट तिरकी झाली असती. चीर नव्हती आणि चौकट सरळ होती. दगडांमधला चुना कालच भरल्यासारखा घट्ट होता.

ती वाकून, अंग चोरून आत उतरली. पायऱ्या मोजायचं तिने टाळलं. आत गारवा होता, डिसेंबरातल्या गारव्यापेक्षा वेगळा, माठाजवळ बसल्यावर लागतो तसा. तव्यावर भाकरी होती. बोळाच्या तोंडाशी रोलर चालू होता, तो तिने येताना बघितला होता, पण आत त्याचा आवाज अजिबात येत नव्हता. वीरभद्रप्पाने खाटेवर कूस बदलली होती. आता त्याची पाठ खिडकीकडे होती आणि चेहरा फरशीकडे.

खालून आवाज येत होता.

कोणीतरी भांडी घासत होतं. नळ सोडलेला होता. जातं फिरत होतं. एक बाई कुणाला तरी कानडीत जेवायला हाक मारत होती, आणि तिची हाक दूर, बोळातून जावी तशी जात होती.

"खाली कोण राहतं?" धम्मप्रियाने विचारलं.

"खालच्या बोळातले," निंगव्वा भाकरी उलटत म्हणाली. मागच्या गल्लीतले म्हणावं इतक्या साधेपणाने. "मागच्या डांबराच्या टायमाचे. त्याच्या खाली फरशीच्या टायमाचे. आमची सासू हाय तितं."

वीरभद्रप्पा हसला. "जातं तिचंच हाय," तो फरशीकडे बघत म्हणाला. "आवाज ओळखतो की मी."

धम्मप्रियाला भीती वाटली. सरळ, लहानपणी वाटायची तशी भीती. खांद्यावरची बॅग तिने छातीशी धरली आणि ती घाईघाईने बोलायला लागली. वरचा थर अजून पडायचा आहे, तो पडायच्या आत तुम्ही दोघं बाहेर या, मी माणसं आणते, काकांना उचलून नेऊ, राहायची सोय बघू.

निंगव्वा ऐकत राहिली. मग तिने विस्तव मागे ओढला.

"इतकी वर्सं वर या म्हणून कुणी म्हणलं न्हाय, यव्वा. दर वर्साला कुणीतरी येतंय, बघतंय, जातंय. तुमी म्हणालाव." तिने तव्यावरची भाकरी उतरवली. "तुमी वरचा थर थांबवा. माणसं घेऊन या. ह्यांना उचललं की मी येते मागनं. न्हाय थांबला, तर मग आमी हितलेच."

"थांबवते," धम्मप्रिया म्हणाली. असा शब्द तिने नोकरीत कुणाला दिला नव्हता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खालच्या आवाजांचं तिने सांगितलं नाही, घर खाली जातंय एवढंच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले होते.

"हिरेमठ बोळाच्या टोकाला? तिथं घर आहे?"

"आहे साहेब. दोन म्हातारी माणसं राहतात."

"मी दर वर्षी पाहणीला जातो तिथं," साहेब म्हणाले. "बरं. टोकाचं शेवटी करायला सांगा. उद्या दुपारपर्यंत काय ते उरका."

तिने प्रभुला फोन केला. टोकाला हात लावायचा नाही, मी येईपर्यंत थांबायचं. तो व्हय म्हणाला. तिने पुन्हा फोन केला आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग ओळखीच्या एका दवाखान्यातून स्ट्रेचर मागून घेतलं, चार माणसं ठरवली. रात्री आईला म्हणाली, उद्या एक चांगलं काम आहे. आईने तिच्याकडे जरा नवलाने बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती माणसं घेऊन बोळात शिरली तेव्हा रोलर परत निघाला होता.

नंदीध्वज पेलायचा सराव संध्याकाळीच बोळाच्या तोंडावरून जाणार असं सकाळी वरून कळलं होतं. प्रभुने टोकापासूनच सुरुवात केली होती. त्याला वरून फोन आला होता, आणि वरचा फोन धम्मप्रियाच्या फोनपेक्षा मोठा होता.

रस्ता उत्तम झाला होता. इतका सपाट रस्ता तिने त्या शहरात पाहिला नव्हता. काळा, गरम, एकसारखा. टोकाला तो सरळ मागच्या भिंतीला जाऊन टेकत होता.

दार नव्हतं. खिडकी नव्हती. पत्राही नव्हता.

"माणसं होती आत," ती म्हणाली.

"व्हती की," प्रभु म्हणाला. तो पाणी पीत होता. "आजी व्हती खिडकीत. हात बाहेर काढून म्हणली, दाबून फिरवा, मागच्या वेळंला खडी उडून आत पडली व्हती. मग मी दाबून फिरवला."

धम्मप्रियाने त्याच्या हातातली बाटली हिसकावून घेतली आणि फेकून दिली. आयुष्यात तिने असं काही केलं नव्हतं. मग स्ट्रेचर आणलेल्या माणसांना तिने कुदळी घ्यायला लावल्या.

ते उकरायला लागले.

वरचा थर निघाला. त्याखालचा निघाला. त्याखाली जुनं, राखाडी पडलेलं डांबर. त्याखाली खडी. पुन्हा डांबर. माणूस कमरेएवढा खड्ड्यात गेला तरी ना पत्रा लागला, ना दगड, ना लाकूड. रस्त्याखाली रस्ताच होता.

एका थरावर पांढरा पट्टा मारलेला होता.

त्याच्याखालच्या थरावर बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या.

त्याच्याखाली फरशी लागली. फरशी ओली होती. कुणीतरी नुकताच सडा घातला होता.

खड्ड्यातला माणूस कुदळ तिथेच टाकून वर आला.

धम्मप्रियाचा फोन वाजला. निंगव्वाचा नंबर होता.

"उकरू नका, यव्वा," निंगव्वा म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "ह्यांच्या डोळ्यांवर ऊन यायलंय."

"मी थांबवणार होते," धम्मप्रिया म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"तुमी आलाव की. पुष्कळ झालं." पलीकडे नळ चालू होता. "हितं बरं हाय. पाणी रोज येतंय."

माणसं धम्मप्रियाकडे बघत होती. तिने त्यांना खूण केली. त्यांनी फावड्याने माती परत खड्ड्यात ओढायला सुरुवात केली.

"एक विचारायचं व्हतं," निंगव्वा म्हणाली. "म्होरला थर कवा घालताव?"

धम्मप्रियाने डोळे पुसले. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला हजारदा विचारला गेला होता, आणि उत्तर तिच्या जिभेवर कायम तयार असायचं. ती म्हणाली, "पुढच्या संक्रांतीच्या आत होईल."

"बरं," निंगव्वा म्हणाली. "म्होरच्यांना जागा करून ठेवायला पायजे. बोळातल्या कुणाला सांगू नका, भितात उगं."

फोन बंद झाला. खड्डा भरत आला होता.

शेजारच्या घरातून गुरुशांत गिरणीवर जायला निघाला. तो काही उंच माणूस नव्हता. तरी चौकटीतून वर चढताना त्याने सवयीने मान खाली घातली.