मशीन माझं, कॅशबॅक त्याचा

"त्या फुकटच्या हेडफोनच्या नादी लागू नका हं. आधी महिन्याचं बिल बघा."

मी केवढ्याने दचकले! फोनच्या दुकानात, भिंतीवरच्या भल्यामोठ्या ऑफरच्या फलकासमोर मी एकटी उभी होते... म्हणजे मला तसं वाटत होतं. वळून बघते तर ग्रीसने माखलेली पँट, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू आमची जन्माची ओळख.

"तुम्हाला कोणी विचारलं?" मी फणकारले.

"कोणीच नाही. पण तुम्ही मघापासून मोठ्याने बोलताय. मला वाटलं, माझ्याशीच."

अगं बाई! मी मोठ्याने बोलत होते? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पण माझाही इलाज नव्हता. आदल्या दिवशी माझा फोन ओल्या प्लॅस्टरच्या भांड्यात पडला होता. मी दातांच्या कवळ्या बनवते, आणि आमचं प्लॅस्टर बघता बघता दगड होतं. फोन बाहेर काढायला हातोडी लागली, यावरून काय ते समजा. नवा फोन घ्यायचा तर करारावरच घ्यायला हवा होता, आणि करार म्हटला की मी जास्तच चिकित्सक होते.

"माझा सातव्या मजल्यावरून खाली गेला," तो आपणहून म्हणाला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. वाकलो, आणि खिशातून सटकला."

"मग तुम्ही?"

"मी वरच राहिलो. म्हणून तर बोलतोय."

मला हसू आलं. तोही हसला, आणि तेव्हा मला तो दिसला... त्याचा वरचा सुळा, जरासा पुढे आलेला. धंद्याची खोड, दुसरं काय! माझी नजर माणसाच्या डोळ्यांआधी दातांवर जाते. एरवी असा दात दिसला की तो सरळ करावा म्हणून माझे हात शिवशिवतात. हा मात्र असाच राहावा, असं मनात आलं. ते माझ्याच मनात आलं, याचा मला धक्का बसला.

मी पटकन फलकाकडे वळले. एका कंपनीचे हेडफोन फुकट, पण बिल छाती दडपणारं. दुसरीचा कॅशबॅक घसघशीत, पण तो हातात पडेपर्यंत फोन म्हातारा होणार. तिसरी टोस्टर देत होती आणि नेटवर्क देत नव्हती. कोपऱ्यात मात्र एक ऑफर होती. दोन नंबर एकत्र घ्या, वर्षभराचा करार, बिल निम्मं, कॅशबॅक, आणि शिवाय कपडे धुण्याचं मशीन! आमचं मशीन कधीचं बंद पडलं होतं. आई बादलीशी भांडत कपडे धुवायची आणि बादलीवरचा राग माझ्यावर काढायची. फक्त एकच अडचण होती. ऑफरचं नाव होतं 'जोडी'.

मी सुस्कारा सोडला. शेजारून दुसरा सुस्कारा आला.

"नाही," मी म्हणाले.

"मी काहीच बोललो नाही."

"पण बोलणार होतात."

"मशीन तुम्हाला, कॅशबॅक मला," तो एका दमात म्हणाला. "मी एकटा राहतो. माझे चार कपडे बादलीत होतात. बघा बुवा... नाही पटलं तर हेडफोन आहेतच."

मी बाजारात टोमॅटोसुद्धा चार गाड्या फिरून घेते. आणि पुढच्या क्षणी मी एका वाटेवरच्या माणसाबरोबर काउंटरपाशी उभी होते! माझी मलाच ओळख पटेना.

"जोडी म्हणजे कोणीही दोघं चालतात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "फक्त नातं सांगा. नवरा-बायको, भाऊ-बहीण, की मित्र?"

"भाऊ-बहीण नको!"

हे मी ओरडले. मी! अख्खं दुकान वळून बघायला लागलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तो मात्र शांतपणे म्हणाला, "मलाही नको. सध्या मित्र लिहा."

सध्या म्हणे!

मुलीने लिहिलं. मग ती अटी घडाघडा म्हणायला लागली. कॅशबॅक हवा तर जोडीने दर आठवड्याला आपापसात निदान दहा मिनिटं बोलायचं, म्हणजे दोन्ही नंबर खरोखर वापरात आहेत अशी कंपनीची खात्री होते. मेसेज आणि बिलं मुख्य नंबरवर येतील, तो त्याचा. त्यापुढेही ती बरंच काही बोलली, पण माझं अर्धं लक्ष मशीनच्या चित्रात होतं आणि अर्धं... जाऊ दे.

"म्हणजे मला दर आठवड्याला तुमच्याशी बोलावं लागणार?" दुकानाबाहेर आल्यावर मी विचारलं.

"मशीन घेतलंय ना तुम्ही? मग माझा कॅशबॅक बुडवू नका म्हणजे झालं," तो म्हणाला. "रविवारी संध्याकाळी करतो."

मशीन दारात आलं तेव्हा त्याला लाल फीत बांधलेली होती, आणि वर एक चिठ्ठी चिकटवलेली... 'आपल्या जोडीला हार्दिक शुभेच्छा'.

"कोणाची जोडी?" आईने विचारलं. तिचा आवाज नको इतका शांत होता.

"ऑफरची गं, आई."

"कोण आहे तो?"

"लिफ्टवाला."

"आणि कधीपासून चाललंय हे?"

"मंगळवारपासून!"

आईने कपाळावर हात मारला. मग तिने मशीन आणणाऱ्या माणसाला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि दारातच त्याची उलटतपासणी सुरू केली. बिचारा सुटला तेव्हा घामाघूम झाला होता. माझ्याशी मात्र ती एवढंच बोलली, "मशीन बरं दिसतंय. त्या मुलाचं बघू."

पहिल्या रविवारी आम्ही दहा मिनिटं कशीबशी ढकलली. तो लिफ्टबद्दल बोलला, मी दातांबद्दल. मधे मधे नुसतं "हं... बरं... आणखी?" दुसऱ्या रविवारी त्याने अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. लोक आधी घंटी बडवतात, मग एकमेकांवर चिडतात, आणि दार उघडेपर्यंत एकमेकांच्या मुलांची नावं विचारून झालेली असतात. मी त्याला माझ्याकडे कवळी करायला आलेल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. नव्या कवळीतही त्यांना तशीच फट हवी होती. मी म्हटलं, आजोबा, फट कशाला? तर म्हणाले, नाहीतर आमच्या हिला माझं हसू परकं वाटेल.

"हॅलो? कट झाला का?"

"नाही... ऐकतोय. तू केलीस ना फट?"

तू! आम्ही तोवर अहो-जाहोत होतो. मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, जणू त्या फोननेच आगाऊपणा केला होता. मग परत कानाला लावला आणि म्हणाले, "केली. तू काय समजलास मला?"

त्या दिवशी दहा मिनिटं केव्हा सरली, कळलंच नाही. त्यानंतर कधीच कळलं नाही.

एका रविवारी नेटवर्क गेलं. आवाज तुटत होता, दोनदा फोन कट झाला. आणि मला रडूच फुटायला आलं, स्वतःचाच राग आला... गेला तर गेला एका आठवड्याचा कॅशबॅक, त्याचा गेला, माझं काय जातंय? इतक्यात फोन वाजला. आवाज अगदी स्वच्छ.

"खिडकीत ये."

मी खिडकीत गेले आणि उडालेच. बारीक पाऊस पडत होता, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली तो उभा होता, फोन कानाला, केसांतून पाणी निथळतंय.

"अरे! इथे काय करतोयस?"

"तुमच्या गल्लीत नेटवर्क बरं आहे."

"मग वर ये ना. चहा घे."

"अटीत फोनवर बोलायचं आहे. वर यायचं नाहीये."

मग आम्ही तसेच बोललो. मी वर खिडकीत, तो खाली पत्र्याखाली, दोघांच्या कानाला फोन. हळू बोललो असतो तरी एकमेकांना ऐकू आलं असतं. तो हसला की मला तो पुढे आलेला सुळा दिसायचा, आणि मी काय बोलत होते तेच विसरायचे. गेला तेव्हा त्याने मागे वळून हात केला. मी ओला गज धरून उभी राहिले, आणि मला लख्ख कळलं... माझं काही खरं नाही.

आणि वर्ष संपत आलं.

गेल्या रविवारी तोच म्हणाला, "करार संपतोय गं या महिन्यात."

"हो ना," मी म्हणाले.

"मग... सुटलीस तू."

"तूसुद्धा," मी म्हणाले, आणि आवाज घट्ट ठेवायला मला दात आवळावे लागले. त्याने पुढे काही विचारावं म्हणून मी थांबले. तोही थांबला. मग कोणीतरी "बरं" म्हणालं आणि फोन ठेवला. रात्रभर मी छताकडे बघत होते. करार संपला की रविवार संपला. कुठल्या तोंडाने सांगू त्याला, की कॅशबॅक नसला तरी फोन कर म्हणून? आणि त्याला फक्त कॅशबॅकच हवा असेल तर?

म्हणून काल, गुरुवारी, कामावरून परस्पर त्या दुकानात गेले. नव्या ऑफर बघायच्या, पुन्हा एखादी जोडी शोधायची आणि त्याला साळसूदपणे म्हणायचं, अरे, हे बघ, तुझा केवढा फायदा आहे!

काउंटरवर तीच मुलगी होती. तिने मला ओळखलं. भाऊ-बहीण नको म्हणून ओरडणारी गिऱ्हाइकं लक्षात राहतात.

"मला परत तशीच ऑफर हवी," मी म्हणाले. "दर आठवड्याला बोलायचं, आणि वर्षभर कॅशबॅक."

"वर्षभर?" ती गोंधळली. "नाही हो. बोलायची अट पहिल्या तीन महिन्यांचीच होती. कॅशबॅक तेवढाच. तेव्हाच सांगितलं होतं मी. संपल्याचा मेसेजसुद्धा गेलाय तुमच्या मुख्य नंबरवर."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

पावसात निथळत उभा होता तो, तेव्हा कॅशबॅक नव्हता. तापाने फणफणला होता आणि घोगऱ्या आवाजात दहा मिनिटं बोलला, तेव्हाही नव्हता. इतके सगळे रविवार... फुकट! आणि मी वेडी मशीनचं देणं फेडत होते!

मी तिथेच, काउंटरला टेकून, त्याला फोन लावला.

"काय झालं?" त्याचा आवाज घाबरलेला आणि घुमणारा, म्हणजे तो लिफ्टच्या बोगद्यात होता. "आई बऱ्या आहेत ना? आज गुरुवार आहे!"

"कॅशबॅक कधी संपला रे तुझा?"

पलीकडून नुसती तारांची घरघर.

"बोल ना."

"...कळलं तर."

"खोटारडा! का नाही सांगितलंस?"

"तू दर वेळी म्हणायचीस, मशीन घेतलंय, बोलायलाच हवं. मला वाटलं, अट संपली म्हटलं की तू म्हणशील, सुटले बाई. मला नको होतं तू सुटायला. आवडतेस तू मला. त्या फलकासमोर एकटीच भांडत होतीस ना, तेव्हापासून."

माझे डोळे भरून आले, भर दुकानात. काउंटरवरची मुलगी उगीचच पेन शोधायला लागली.

"ऐक," मी नाक ओढत म्हणाले. "जोडी ऑफर बंद झालीय. आता फक्त फॅमिली प्लॅन आहे. त्यात मित्र चालत नाहीत."

"मग काय चालतं?"

"भाऊ-बहीण चालतं म्हणे."

"नको!" तो असा ओरडला, की तो आवाज सात मजले वर गेला असणार आणि सात मजले खाली. पलीकडून कोणीतरी घाबरून विचारलं, अहो, लिफ्ट पडली का? "नको, नको... दुसरं काय आहे यादीत? तेच लिही. मी आलोच!"

"फोन सांभाळ," मी म्हणाले. "आणि स्वतःलाही."

तो आला. तसाच, ग्रीसने माखलेला, धापा टाकत. पुढचं काही मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की प्लॅनबरोबरचं बक्षीस काय हवं ते त्या मुलीने तीनदा विचारलं आणि आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.

घरी आले तेव्हा आई मशीनमधून कपडे काढत होती. मी जीव मुठीत धरून सगळं भडाभडा सांगितलं. आता ही किंचाळणार, कपाळावर हात मारणार... मी डोळे मिटून घेतले.

"तीन महिन्यांत संपला ना कॅशबॅक त्याचा?" आई चादर झटकत म्हणाली.

मी डोळे उघडले. "तुला... तुला माहीत होतं?"

"मशीन आलं त्याच दिवशी त्या माणसाकडून ऑफरच्या सगळ्या अटी वदवून घेतल्या होत्या मी."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

आईने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"दर रविवारी तू वेणीफणी करून, चांगला ड्रेस घालून फोनवर बोलायला बसायचीस," ती म्हणाली. "फोनवर काही दिसत नाही गं बाई, हेसुद्धा नाही सांगितलं मी तुला. ते तरी कशाला सांगू?"