रिकामा फटका

"खाली, खाली-वर... छे, परत घसरलं!" श्रीरंग वर्तकांनी गिटार मांडीवर आडवी टाकली. "यानंतर हात तारांना न लावता नुसता खाली न्यायचा. रिकामा फटका. तो गेला की पुढचा ताल गेला. शेजारची शाळकरी पोरं आठवड्यात शिकली. मी पावसाळ्यापासून इथंच अडकलोय."

दिवसातली शेवटची तपासणी होती. डॉ. मृण्मयी घैसास डोळे चोळत पडद्याकडे पाहत होत्या. कारखान्यातल्या प्रेसमध्ये वर्तकांचा उजवा हात गेला, त्याला तीन वर्षं झाली. मज्जातंतूंचे संदेश वाचून चालणारा, खांद्यापासूनचा हा चेताहस्त घैसासांच्याच गटाने घडवलेला. सहा महिन्यांपूर्वी वर्तकांची बायको उत्तरा नाशिकला बहिणीकडे निघून गेली. रिकाम्या संध्याकाळी काहीतरी हवं, म्हणून गिटार.

"तुम्ही रिकामा फटका मारतच नाही," घैसास म्हणाल्या आणि त्यांनी चित्रफीत संथ केली. हात तारांच्या वर नुसता थांबला होता.

"शक्यच नाही! हात खाली गेलेला मला जाणवला."

"हाताकडे बघत होतात?"

"गिटारचे सर बघू देत नाहीत. म्हणतात, घास तोंडात घालताना हाताकडे बघता का?"

घैसास हसल्या आणि हसता हसताच त्यांची नजर पुन्हा पडद्याकडे वळली.

"बॅटरी दिवसभर पुरावी म्हणून आम्ही यात छाटणी ठेवली आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "हात पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतो. ज्या हालचालीत काही पकडायचं, ढकलायचं, शिवायचं नसतं, ती तो गाळतो."

"मग मला जाणवतं ते काय?"

"पूर्तीसंकेत. हालचाल झाली नाही तर मेंदू तोच हुकूम पुन्हा पुन्हा सोडतो, खांदा आखडतो. म्हणून हात मेंदूला परस्पर कळवतो, झालं."

"खोटंच सांगतो म्हणा ना."

"हो. चाचण्यांत आम्ही कप उचलायला लावले, दारं उघडायला लावली. हवेतलं काही तपासलंच नाही."

वर्तकांनी गिटारच्या तारांवरून डावं बोट फिरवलं.

"निरोपाचा हात?"

"तोही हवेतच हलतो," घैसास हळू आवाजात म्हणाल्या.

"उत्तरा कामावर निघाली की मी गॅलरीतून रोज हात करायचो. ती रिक्षात बसताना वर बघायची. एकदा म्हणाली, पुतळ्यासारखा उभा राहतोस, हात तरी करत जा. मी म्हटलं, करतो की! ती म्हणाली, डोळ्यांदेखत खोटं बोलू नकोस. मला वाटलं, भांडायला निमित्त शोधतेय. मग तिने वर बघणंच सोडलं. काढून टाका ती छाटणी."

"काढते. पण बॅटरी दुपारीच संपेल. आणि छाटणी गेली की पूर्तीसंकेतही जातो, दोन्ही एकाच सर्किटवर आहेत. तारेचा स्पर्श कळेल. हवेत मात्र हात आहे की नाही, तेही जाणवणार नाही. भरवशावर वाजवावं लागेल."

छाटणी काढल्यावर वर्तकांनी वाजवलं. खाली, खाली-वर. मग खांद्याखाली काहीच उरलं नाही. आणि पुढच्या ठोक्याला तार नेमकी वाजली. वर-खाली-वर. ताल टिकला. वर्तकांना आनंद झाला नाही. फार दिवस ओझं वाहिल्यासारखे ते फक्त दमले होते.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी डाव्या हाताने फोन लावला. उत्तराचा चेहरा पडद्यावर आला.

"बोल."

"गिटार शिकतोय."

"तू? शेजारी अजून राहतायत का?"

"येतंय थोडं." छाटणी, संकेत, सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तीन वर्षांत त्यांनी खुलासे खूप दिले होते, आणि तिने ते खूप ऐकले होते.

"बरं. कुकर लावायचाय. ठेवते."

नेहमीसारखाच त्यांनी हात करायला घेतला. काहीच जाणवलं नाही. हललाच नसावा, असं त्यांना वाटलं. तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून खात्री करायचं मात्र त्यांच्याने झालं नाही.

फोन ठेवायला पुढे आलेलं उत्तराचं बोट वाटेतच थांबलं.

"काय झालं?" वर्तकांनी विचारलं.

"परत कर," ती म्हणाली.