डाव्या दाराचा दोष

सुकुमार चौगुलेनं डाव्या दाराचं पॅनेल पुन्हा उघडलं आणि आतल्या स्पीकरला एक शिवी हासडली. इचलकरंजीत कोल्हापूर रोडला त्याचं कार ऑडिओचं दुकान होतं. आसपासचे हौशी लोक नवी गाडी घेतली की आधी त्याच्याकडे यायचे, मग देवदर्शनाला जायचे. आज मात्र गाडी त्याची स्वतःची होती. सांगलीला कार ऑडिओची स्पर्धा व्हायची होती, परीक्षक पुढच्या दोन्ही सीटवर बसून ऐकणार होते आणि डावी बाजू काही केल्या जमत नव्हती.

त्या सीटवर त्याची बायको त्रिशला मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलत होती.

"अहो, छान वाजतंय की. कशाला उकरत बसलाय?"

"वाजतंय छान, पण मशीन धापा टाकतंय तिकडं. हा आकडा बघ. गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय."

पूर्वी ट्यूनिंग म्हणजे निव्वळ कसब होतं. डोक्याच्या जागी माइक धरायचा, कुठल्या स्पीकरचा आवाज कानाशी आधी पोचतो ते मोजायचं आणि जवळच्याला किंचित उशीर लावायचा. सगळे आवाज एकदम पोचले की गायक समोर डॅशबोर्डवर बसून गातोय असं वाटतं. मग कर्णछाप आली. निरोगी कान नुसता ऐकत नाही. त्याला बारीकसा टिकटिकाट ऐकवला की तो आतून अगदी पुसट प्रतिध्वनी परत पाठवतो. सीटच्या उशीतला माइक तो टिपतो. त्यावरून या कानाला काय कमी ऐकू येतं हे यंत्राला कळतं आणि तेवढी भर ते घालतं, त्या एका सीटपुरती. गाण्यातच नव्हे, गाडीतल्या माणसांच्या बोलण्यातसुद्धा. सीटवर कोण बसलंय हे ओळखून छाप आपोआप बदलते, त्यामुळे एकाची भर दुसऱ्याच्या कानावर पडत नाही. गाडीत बसलं की कान तरुण होतात, असं गिऱ्हाइकं सांगायची आणि सुकुमारही तेच सांगून माल खपवायचा.

डाव्या सीटची भर दर वर्षी वाढत गेली होती. आधी वायर बघायची, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं दारात थरथर शोषणारी शीट चिकटवली. ट्विटर, म्हणजे वरच्या बारीक आवाजांचा छोटा स्पीकर, दोनदा बदलला. दुसऱ्या कुणाला तिथे बसवून बघावं हे मात्र त्याला सुचलं नाही. ती जागा त्रिशलाची होती.

"मी चहा टाकते," ती उतरली. "आणि घरी पण जरा तोंड उघडून बोलत जा. गाडीत कसं खणखणीत बोलता, घरात नुसतं पुटपुटता."

हे भांडण आता जुनं झालं होतं. तिला वाटायचं, या माणसाला गाडीत बसल्यावरच बायको आठवते. त्याला वाटायचं, घरी हिचं आपल्याकडे लक्षच नसतं. दोघंही मनातून खट्टू होती, आणि काही महत्त्वाचं बोलायचं झालं की गाडी बाहेर काढायची असा घरात रिवाजच पडला होता. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी बाहुबलीच्या डोंगराकडे दर्शनाला जाताना, गाडीतच ठरवलं.

ती आत गेल्यावर सुकुमारनं तिची छाप त्या सीटवर पक्की केली. आता कोणीही बसलं तरी यंत्र त्रिशलाच्याच कानांसाठी वाजवणार होतं. मग तो स्वतः तिथे बसला. ती ऐकते तसंच ऐकून दाराचा दोष पकडायचा, एवढाच त्याचा हेतू होता.

लावलेल्या गाण्यातल्या झांजा सुरू झाल्या आणि त्यानं दोन्ही कानांवर हात दाबले. पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी डावीकडून आत घुसत होतं. ट्विटर फाटला, असं म्हणत त्यानं घाईनं स्वतःची छाप लावली. तोच ट्विटर गोड वाजू लागला. पुन्हा तिची लावली. पुन्हा तोच कर्कश मारा. त्यानं गाणं बंद केलं आणि साध्या आवाजात "त्रिशला" अशी हाक मारली. यंत्रानं त्याचाच आवाज त्याला इतका करकरीत करून ऐकवला की तो दचकला. एवढं केल्यावर कुठे तिला आपली हाक साधी ऐकू येते, हे त्याला कळलं. दार ठणठणीत होतं.

मिरजेच्या डॉक्टर मगदूम बाईंनी त्रिशलाचे दोन्ही कान तपासले. तिचं माहेरचं घर यंत्रमागांच्या शेडच्या वरच्या मजल्यावरच होतं. लहानपणी खाली दिवसरात्र माग धडधडायचे आणि घरातली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. तेव्हा झालेली इजा आता वयाबरोबर उघडी पडत होती.

"आतल्या पेशी पुन्हा उगवायला लावणारं औषध आहे आता," डॉक्टर म्हणाल्या, "पण थोड्याफार पेशी जिवंत असायला लागतात. उजव्या कानाला देऊन बघू. डाव्याचं काही खरं नाही. दोनतीन वर्षांपूर्वी आला असतात, तर तोही वाचला असता. का नाही आलात?"

"त्रासच नव्हता," त्रिशला म्हणाली. "गाडीत सगळं ऐकू यायचं. घरी यांचं बोलणं कळायचं नाही, पण मला वाटलं, यांनाच माझ्याशी बोलायचं नसतं."

सुकुमारनं औषधाची चिठ्ठी घेतली आणि दोघं गाडीत येऊन बसली.

परतताना जरा अंतर गेल्यावर ती म्हणाली, "ते बंद करा."

"मग तुला नीट ऐकू यायचं नाही."

"नाही तर नाही. माझं खरं काय आहे, ते तरी मला कळू दे."

त्यानं छाप बंद केली. दुकानातून गेलेल्या गाड्या त्याच्या डोळ्यांसमोर येऊ लागल्या. त्यांतल्या किती सीटवर भर अशीच मुकाट वाढत असेल? यंत्राला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि आपणहून सांगायला त्याला शिकवलेलं नव्हतं. उद्यापासून एकेकाला बोलावून, हे बंद करून ऐकायला लावायचं, असं त्यानं ठरवलं. लोक चिडले तर चिडोत.

"मला आधी कळायला हवं होतं," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

त्रिशला खिडकीबाहेर उसाकडे बघत होती. त्याचं बोट बटणाकडे गेलं. एकदा दाबलं की हेच वाक्य तिला लख्ख ऐकू गेलं असतं. त्यानं हात मागे घेतला. अंकलीचा पूल ओलांडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, पट्टा सोडला, पुरता तिच्याकडे वळला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

त्रिशला त्याच्या ओठांकडे बघत होती.

"मघाशीच ऐकलं मी, या उजव्या कानानं," ती म्हणाली. "पण असं माझ्याकडे तोंड करून तुम्ही शेवटचं कधी बोलला होतात, आठवतंय?"