पुट्टीखालचा जोड

"थांब, थांब! पुन्हा भोक पडलं!" शंकासुर ओरडला.

ताईने वेल्डिंगची बंदूक बाजूला घेतली आणि काळा मुखवटा कपाळावर सरकवला. गाडीच्या तळाच्या पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. कडा अजून लाल होत्या.

"एका जागी रेंगाळलीस," मावशी म्हणाली. "पातळ पत्रा लगेच वितळतो गं! एक टाका इथे, दुसरा तिकडे. तेवढ्यात पहिला गार होतो. चल, पुन्हा!"

मावशी होती दातांची डॉक्टर. पण तिचा जीव रमायचा तो घरामागच्या शेडमध्ये, एका गंजलेल्या जुन्या गाडीत. वेल्डिंग ती संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकली होती, आणि या सुट्टीत तिने तिन्ही भाचरांना कामाला जुंपलं होतं. ताई सगळ्यांत मोठी, म्हणून वेल्डिंगची परवानगी फक्त तिला. शंकासुर हा तिचा धाकटा भाऊ. प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि मावसबहीण भिंगरी एका जागी दोन क्षणही टिकत नसे, म्हणून तिला हिंडण्याचंच काम दिलेलं. फ्रिजवरचं फुलपाखराचं चुंबक घेऊन ती गाडीभर फिरायची. चुंबक चिकटलं तर खाली पत्रा, घसरलं तर खड्डे बुजवायची नुसती पुट्टी!

"मावशी, पुट्टी भरून वर रंग मारला तर नाही का चालणार?" शंकासुराने विचारलं.

"किडलेला दात वरवर भरला तर चालेल का? आत कीड वाढतच राहणार. आधी खराब भाग कापायचा, मग चांगला पत्रा जोडायचा."

"आणि दारांच्या चौकटीत हे आडवे पाइप कशाला?"

"तळ कापला की गाडीत दम राहत नाही. मधून वाकते, मग दारं लागत नाहीत. म्हणून तो आधार."

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला!

शेजारचे टपालकाका होते ते. जन्मभर सायकलवरून पत्रं वाटली आणि आता निवृत्त झाल्यावर पहिली गाडी घेतलेली. निळी, चकचकीत!

"बघताय काय? बसून बघा!" काका म्हणाले. "उद्या सकाळी काकू, लेक आणि नात, सगळ्यांना घेऊन निघतोय. थेट डोंगरावर!"

मुलांनी गाडीला गराडा घातला. भिंगरीने सवयीने चुंबक लावलं. पुढच्या दाराला ते घट्ट बसलं. दारामागच्या खांबाला लावलं, तर टप्पकन खाली पडलं! तिने दुसऱ्या बाजूचा खांब पाहिला. तिथेही तेच!

"ताई," ती कुजबुजली, "दोन्हीकडे सारख्याच उंचीवर पुट्टी आहे."

ताईने मागच्या सीटपुढची चटई हळूच उचलली. खाली जाड रंग होता, आणि रंगाखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत ओबडधोबड उंचवटा. तिने त्यावरून बोट फिरवलं. गेले कित्येक दिवस ती असेच उंचवटे घासत होती.

"हा वेल्डिंगचा जोड आहे," ती म्हणाली. "ही एक गाडी नाहीये रे. पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा!"

"काका, गाडी मधून जोडलेली आहे!" शंकासुर ओरडलाच.

"काहीतरीच काय! सगळं तपासून घेतलंय मी. रंग बघा, आरसा आहे आरसा!" काका रागावले. "शुभ बोला जरा!"

मुलं गाडीभोवती असतानाच एका पेशंटचा फोन आल्याने मावशी घाईने दवाखान्यात गेली होती. शंकासुराने तिला फोन केला. "मी गाडी तपासणाऱ्या निरीक्षकांना घेऊन येते," ती म्हणाली. "तोवर गाडी जाऊ देऊ नका!"

"जाऊ देऊ नका म्हणजे काय करायचं? चाकाखाली झोपायचं?" भिंगरी म्हणाली.

ताई विचार करत होती. एकदम तिचे डोळे चमकले. "त्यापेक्षा काकांनाच दाखवूया!"

काकांना गाडी विकणारा, गळ्यात टाय बांधलेला माणूस दुसरी किल्ली द्यायला नेमका तेव्हाच आला. ताई गोड आवाजात म्हणाली, "काका, उद्या वाटेत टायर पंक्चर झाला तर? तुम्हाला चाक बदलता येतं ना?"

"येतं म्हणजे? आत्ता दाखवतो!" काकांनी बाह्या सरसावल्या. "काढ रे जॅक!"

टायवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, जॅक कशाला? नवा रंग आहे, उगाच ओरखडा पडेल..."

"पडू दे! माझी गाडी आहे!"

ताईने सगळ्यांना बाजूला केलं आणि मागचं दार उघडं ठेवलं. काका जॅक फिरवू लागले. मागचं चाक जमिनीपासून सुटलं. गाडीतून करकर आवाज आला.

"आता दार लावून बघा, काका."

काकांनी दार ढकललं. लागेना! जोर लावला, तरी लागेना. आणि खांबावरच्या चकचकीत रंगाला केसाएवढी भेग पडली. बघता बघता ती लांबत गेली, आणि पुट्टीचा ढलपा काकांच्या पायाशी पडला!

काकांच्या हातून जॅकचा दांडा निसटला.

"किरकोळ आहे हो!" टायवाला घाईघाईने म्हणाला. "मी गाडी नेतो, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो."

"अजिबात नाही!" ताई त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली. "ही गाडी इथून हलणार नाही. निरीक्षक येतायत."

"तुला काय कळतं गं यातलं?"

"टाका कसा मारायचा ते कळतं," ताई म्हणाली. "आणि हा नीट मारलेला नाही, हेही कळतं!"

फाटकातून मावशीची हाक आली. तिच्यामागून निरीक्षकबाई आल्या. त्यांनी विजेरी घेऊन गाडीचा तळ पाहिला, चटई उचलली आणि जोडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड फिरवला.

"उतारावर एक जोराचा ब्रेक," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि ही गाडी मधून उघडली असती. कुठून आणली?"

टायवाल्याची बोबडी वळली. गाडी त्याला फार स्वस्तात मिळाली होती. का, ते त्याने विचारलं नव्हतं. नुसता वर रंग मारून घेतला होता. त्याच्या आवारातल्या बाकी गाड्याही तपासायला निरीक्षकबाई त्याला घेऊन निघाल्या. जाताना त्या म्हणाल्या, "शाबास मुलांनो! आमच्या कचेरीतल्या लोकांनीही इतक्या बारकाईने पाहावं, अशी माझी इच्छा आहे."

टपालकाका पायरीवर बसून होते. "मी नुसता रंग बघत बसलो," ते म्हणाले, "आणि तुम्हालाच ओरडलो. चुकलं माझं, पोरांनो."

आवाज ऐकून काकूही बाहेर आल्या होत्या. नातीला कडेवर घेऊन त्या ताईजवळ आल्या. ताईचे हात काजळीने काळेकुट्ट झाले होते. ती ते मागे लपवायला गेली, पण काकूंनी ते धरून ठेवले.

"उद्या आम्ही बसने जाणार," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही तिघं आमच्याबरोबर येणार. मावशीला विचारायचंही नाही, तिला मी सांगते!"

"खिडकीची जागा माझी!" भिंगरी ओरडली, आणि काकूंच्या कडेवरची नात खदखदून हसली.